कॉमिक कॉनला निघालाय? आधी पोशाख घालून बाथरूमला जाऊन या

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचे मावळे, कोळी, फुलपाखरं. एप्रिल 2025 मध्ये दहावी संपवून मोकळी झालेली लेक आणि इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या यांना घेऊन मी मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक आणि कार्टूनवेड्या पोरांच्या मेळ्याला, जाऊन आले. तेव्हापासून पोरं दुकानात येतात आणि विचारतात, "काकू, तो हिरवा-काळा चौकड्यांचा अंगरखा कसा शिवला?" मागोमाग त्यांच्या आया येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो, "पोरीला पाठवू का?" पोरांना आणि आयांना एकदमच सांगून टाकते.

नाव कॉमिक कॉन असलं तरी निम्मी पोरं तिथं ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी कार्टूनसाठी जातात. भारतात हा मेळा 2011 मध्ये दिल्लीच्या दिल्ली हाटात सुरू झाला. आम्ही गेलो तो 12 आणि 13 एप्रिलला बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होता. महिना दर वर्षी तोच असेल असं नाही, म्हणून तिकीट काढताना तारीख आणि जागा दोन्ही नीट वाचा. आत काय असतं? दुकानं, चित्रकारांची टेबलं, एक मोठं स्टेज, गेम खेळायची जागा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून आलेली माणसं. वेष करून जायची सक्ती नाही. पण पोरांना वेषच करायचा असतो, आणि सगळी फजिती तिथंच होते.

पात्र निवडताना

पहिल्यांदा जाताय तर चिलखतवालं पात्र घेऊ नका. पंख, शिंगं, चार फुटी कुऱ्हाड, यातलं काही नको. सरळ शिलाईचं पात्र घ्या. माझी लेक नेझुको झाली आणि पुतण्या तांजिरो, दोघं 'डीमन स्लेयर' या ॲनिमेमधली भावंडं. गर्दीत असे पन्नास तांजिरो भेटतात हे खरं, पण पहिल्या खेपेला त्याचा फायदाच होतो. अनोळखी तांजिरो आपल्या तांजिरोला हाक मारतो आणि पोराची भीड मोडते.

शिवणाऱ्या माणसाला जपानी कपडा हा आरामाचा विषय आहे. किमोनोचं पारंपरिक कापड जेमतेम 36 सेंटिमीटर पन्ह्याचं विणतात आणि सगळे तुकडे सरळ आयताकृती कापतात. मुंढ्याची गोलाई नाही, टक्स नाहीत. कटोरी ब्लाउज जमणाऱ्या बाईला किमोनो म्हणजे उशीचा अभ्रा. ऑनलाइन तयार मिळतो, पण तो चकचकीत पॉलिस्टरचा असतो, एप्रिलच्या मुंबईत अंगाला चिकटतो आणि फोटोत प्लास्टिकसारखा दिसतो. आपल्याला इचलकरंजी तासाभरावर. सुती पॉपलीन घ्या. आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात भिजवा, कारण ते आटतं. काळं कापड वेगळ्या बादलीत भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढा, नाहीतर पहिल्याच घामाला हिरव्याचं शेवाळ होतं.

तांजिरोचा हाओरी, म्हणजे वरचा उघडा अंगरखा, साडेपाच फुटी पोराला 44 इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर हिरवं आणि तेवढंच काळं कापड पुरतं. एकेक चौकोन जोडत बसू नका, वेड लागेल. गोधडीवाल्या बायकांची युक्ती वापरा. दोन्ही रंगांच्या 5 इंची लांब पट्ट्या कापा, एकाआड एक रंग अशा सहा-आठ जोडा, इस्त्री करा. मग त्या जोडलेल्या कापडाच्या आडव्या 5 इंची पट्ट्या कापा आणि एकाआड एक उलटी फिरवून पुन्हा जोडा. पाव-पाव इंच शिलाईत जातं आणि साडेचार इंचाचे चौकोन आपोआप जुळून येतात. शिवण एका बाजूला काळ्याकडेच दाबायची. हिरव्याकडे दाबली की खालून काळी रेघ दिसते. माझी पहिली पाठ अशीच वाया गेली, तिची आता दुकानातल्या स्टुलाला गादी आहे.

या चौकड्याला जपानीत इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटानं स्टेजवर हे नक्षीकाम घातलं आणि लोकांनी नक्षीला त्याचंच नाव दिलं. बालगंधर्वांचं बघून आपल्याकडच्या बायका नेसायला लागल्या, त्यातलाच प्रकार. हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा मला त्या चौकड्यांची कंटाळवाणी शिलाई जरा बरी वाटली.

नेझुकोच्या गुलाबी किमोनोवरची नक्षी मात्र शिवून होत नाही, रंगवावी लागते. तिला आसानोहा म्हणतात, भांगेचं पान. हे झाड सरळ आणि भराभर वाढतं म्हणून जपानमध्ये तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची पद्धत. लेकीनं फोनवर चित्र दाखवलं आणि मी म्हटलं, अगं ही तर ठिपक्यांची रांगोळी! एका ओळीचे ठिपके दुसऱ्या ओळीच्या ठिपक्यांच्या मधोमध येतील असे द्या, त्रिकोण जोडा, प्रत्येक त्रिकोणाच्या पोटातून तिन्ही कोपऱ्यांकडे रेघ काढा. झाली आसानोहा. सासूबाईंनी कागदावर दोन मिनिटांत काढून दिली. तो कागद जुन्या एक्स-रेच्या फिल्मखाली ठेवून कटरनं छाप कापला आणि स्पंजानं पांढरा फॅब्रिक कलर थोपटला. ब्रश नको, ब्रशनं रंग कडेखाली जातो. चार मीटर कापडाला तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवली की रंग बसतो.

आता दोन गोष्टी ज्या चुकल्या तर मला वाईट वाटेल. पहिली. किमोनोची डावी बाजू नेहमी उजव्यावर येते, मुलगा असो वा मुलगी. उजवी वर घेऊन जपानमध्ये फक्त मृत माणसाला नेसवतात. तिथं निम्म्या पोरी उलट्या गुंडाळलेल्या दिसल्या. सांगितलं तर खजील होतात, म्हणून घरीच आरशासमोर तपासा. आरशात डावं-उजवं फसतं, तेव्हा उजवा हात छातीशी नेऊन बघा. तो सहज गळ्यातून आत गेला म्हणजे बरोबर आहे.

दुसरी गोष्ट मथळ्यात आहेच.

बसून बघा, वाकून बघा

पोशाख आरशासमोर उभं राहून तपासतात आणि तिथंच फसतात. कॉमिक कॉनमध्ये तुम्ही उभे असता, चालता, जिना चढता, जमिनीवर बसता, खाता, आणि हो, बाथरूमला जाता. आमच्या पहिल्या किमोनोत लेकीला पट्टा सोडल्याशिवाय जाता येत नव्हतं, आणि तो पट्टा पुन्हा बांधायला मी लागायची. नऊ तास पोरगी पाणीच पिणार नाही, हे मला दिसलं. मग मी तो कमरेत कापून दोन भाग केले, वर बंडीसारखं, खाली गुंडाळायचा घागरा. ओबी, म्हणजे तो रुंद पट्टा, आतून बकरम लावून ताठ केला आणि मागं वेल्क्रो. बाहेरून काही कळत नाही. शिवलेली नऊवारी आपण लग्नाघरात घालतोच की, तेच डोकं इथं लावायचं. घाग्र्याच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती लेगिंग्ज आणि तिला खोल खिसा. जपानी बायका बाहीत वस्तू ठेवतात म्हणे, पण लोकलमध्ये बाहीतला मोबाइल टिकायचा नाही.

नेझुकोच्या तोंडात बांबूचा तुकडा असतो. पुतण्या खराखुरा बांबू घेऊन आला, बुरुडाकडून, हौसेनं. वीस मिनिटांत लेकीचा जबडा दुखायला लागला. शेवटी चपलेच्या फोमची गुंडाळी करून तिला हिरवा रंग दिला आणि दोन्ही टोकांना तांबडी रिबीन. दातात धरायची नाही, मागं इलास्टिकवर लटकते, बोलायचं असलं की हनुवटीखाली ओढायची.

तो फोम कुठून आणायचा हे सगळे विचारतात. हस्तकलेच्या दुकानात छोटे महाग तुकडे मिळतात. आपण चपलांच्या गावातले, आपल्याला चपलेचं सामान विकणाऱ्याकडं जायला काय लाज! तिथं ईव्हीए फोमचं पूर्ण शीट मिळतं, 2 मिलिमीटरपासून 10 मिलिमीटरपर्यंत. मुंबईत असाल तर चेंबूर-कुर्ल्याकडची ठक्करबाप्पा कॉलनी ही चपला-बुटांच्या कारागिरांचीच वस्ती. चिकटवायला चांभार वापरतात तोच एसआर नावाचा गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटतो पण लागत नाही इतका सुकला की दाबायचं. ओला असताना दाबणारे नंतर मला फोन करतात. हे काम गच्चीवर करा, बंद खोलीत वासानं डोकं धरतं. घासकाम करताना तोंडाला फडकं बांधा.

तलवारीच्या आत लोखंडी सळई घालायचा मोह होतो. नको. धातूचं आणि धारेचं काही आत नेऊ देत नाहीत, दारात सगळी हत्यारं तपासतात. वायरिंगचा प्लास्टिक पाइप आत घाला आणि मधोमध जोड ठेवा, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीत मावते. आमच्या तलवारीला एका स्टेशनवर पोलीसमामांनी थांबवलं. पुतण्यानं ती वाकवून दाखवली. मामांनी स्वतः दोनदा वाकवली, मग शेजारच्या हवालदाराला बोलावून त्यालाही वाकवायला दिली. गाडी चुकता चुकता राहिली. तेव्हापासून माझा नियम असा की प्रवासात तलवार उघडी धरायची नाही, चादरीत गुंडाळायची.

टोपाबद्दल थोडक्यात. नाटकवाले ज्याला टोप म्हणतात तोच हा विग. उष्णता सोसणारा धागा आहे का ते विचारून घ्या, नाहीतर ड्रायरनं वितळतो. विंचरताना टोकाकडून वर जायचं. खाली जुना स्टॉकिंग कापून टोपी करा. डोळ्यांत रंगीत लेन्स घालायला मी ठाम नाही म्हटलं. डॉक्टरांनी मोजून न दिलेल्या लेन्सनं बुबुळाला जखम होते, आणि पोरी एकमेकींच्या लेन्स घालून बघतात हे मी ऐकून आहे. लेक दोन दिवस बोलली नाही. बोलली नाही तर बोलली नाही.

पायात काय? इथं कोल्हापूरला अभिमान वाटावा. त्या भावंडांच्या पायात जपानी चपला असतात, अंगठ्यापाशी पट्टा असलेल्या. आपल्या कोल्हापुरीनं काम भागतं, आत अंगठा वेगळा शिवलेला पांढरा मोजा. पण दोन अटी. चप्पल किमान दोन महिने वापरलेली पाहिजे, कारण नवी कोल्हापुरी कुणाची होत नसते, ती चावतेच. आणि चामड्याच्या तळाला चांभाराकडून रबर लावून घ्या. त्या गुळगुळीत फरशीवर चामडं सपकन सरकतं. पुतण्यानं ऐकलं नाही. तो पडला नाही, पण दिवसभर बदकासारखा चालला.

सगळं तयार झाल्यावर दोघांना पूर्ण वेषात रंकाळ्यावर नेलं आणि दोन तास फिरवलं. ही तालीम चुकवू नका. तिथं कळलं की ओबी बसल्यावर बरगडीत टोचते, टोप कपाळावरून मागं सरकतो आणि तलवारीचं म्यान पायात येतं. एका आजोबांनी भेळ खाता खाता विचारलं, "कुठल्या नाटकात काम हाय बाळ?" लेक लाजून माझ्या मागं गेली. दुसऱ्या फेरीला तिनंच थांबून त्यांना सांगितलं की मी राक्षस झाले आहे, पण चांगली. आजोबा म्हणाले, "असू दे, असू दे."

जायचं कसं, राहायचं कुठं

रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 पर्यंत 120 होतं. आमचा शनिवार हनुमान जयंतीचा आणि सोमवार 14 एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी. म्हणजे सगळं गाव मुंबईला जाणार आणि सगळी मुंबई गावाला. शुक्रवारच्या महालक्ष्मी एक्सप्रेससाठी मी 10 फेब्रुवारीला सकाळी आठला फोन हातात घेऊन बसले. लेकीची परीक्षा डोक्यावर होती, आणि खरं सांगायचं तर हीच तिला दिलेली लाच होती. भूमितीचं प्रमेय पाठ झालं की एक चौकट रंगवायची परवानगी.

महालक्ष्मी रात्री कोल्हापूर सोडते, पहाटे कल्याण. माझी नणंद डोंबिवलीला, त्यामुळं हॉटेलचा प्रश्न नव्हता. तुमचं कुणी डोंबिवली-ठाण्याला असेल तर संकोच करू नका, दीड किलो शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. बीकेसीतली हॉटेलं आपल्यासाठी नाहीत. राहायचंच असेल तर कुर्ला किंवा सायनकडं बघा आणि खोलीत मोठा आरसा आणि इस्त्री मिळेल का ते आधी विचारा.

डोंबिवलीहून कुर्ल्याला थांबणारी लोकल, कुर्ला पश्चिमेला उतरून रिक्षा. वांद्र्याहून येणाऱ्यांना पूर्वेकडून रिक्षा मिळते. आता मेट्रो तीन ऑक्टोबर 2025 पासून थेट कफ परेडपर्यंत सुरू आहे, त्यामुळं सीएसएमटीला उतरणाऱ्यांना बीकेसी स्टेशनपर्यंत जमिनीखालून थंडगार जाता येतं. आम्ही लोकलनंच गेलो. आतले कपडे आणि लेगिंग्ज घरून घालून, वरचं सगळं पिशवीत. पूर्ण वेषात लोकल पकडणारी पोरं बघितली, धाडसाचं कौतुक आहे, पण दारात अडकलेल्या झग्याला साखळी ओढून कुणी थांबवत नाही. महिला डब्यात एका मावशींनी टोपाची पिशवी मांडीवर घेतली आणि आत बघून किंचाळल्या, त्यांना वाटलं कुणाचं डोकं.

आत गेल्यावर

दार अकराला उघडतं म्हणून अकराला जाऊ नका. शनिवारी उन्हात लांबच लांब रांग होती. आम्ही पावणेदहाला पोचलो तरी पुढं बरीच माणसं होती. टोप रांगेत घालायचा नाही, आत एसीत घालायचा. छत्री, पाण्याची बाटली, टॉवेल. बाहेरचं खाणं आत चालत नाही असं धरूनच निघा. आम्ही दशम्या आणि चटणी रांगेतच संपवली आणि मागच्या दोन पोरांनाही दिली. आत खाण्याचे भाव ऐकून मला आपल्याकडच्या मिसळीची आठवण आली. त्या पैशात इथं चौघं जण कट मागून मागून जेवतील.

तिकीट फोनवर असतं आणि नेमकं दारात नेटवर्क जातं. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिघांच्या फोनमध्ये तिघांची तिकिटं ठेवा. यूपीआयचंही तेच, म्हणून रोख ठेवा. मी दोघांना पाकिटं दिली होती, शनिवारचं वेगळं, रविवारचं वेगळं. पुतण्याचं शनिवारचं पाकीट दीड वाजता संपलं. मोठ्या दुकानांतल्या बाहुल्या आणि टी-शर्ट नंतर ऑनलाइनही मिळतात. पैसे ठेवा ते चित्रकारांच्या टेबलांसाठी. स्वतः काढलेली चित्रं, स्टिकर, छोटी कॉमिक विकणारी आपलीच पोरं असतात, आणि ते दुसरीकडं मिळत नाही. घासाघीस करू नका. मी केली, लेकीनं कोपर मारलं, आणि ती बरोबर होती. मलाही ब्लाउजची शिलाई कमी करा म्हटलेलं आवडत नाही.

पोस्टर दुमडू नये म्हणून तिथं नळ्या विकत मिळतात. कापडाच्या दुकानातून ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि अडीच फुटांवर कापा. फुकट. दोन्ही तोंडांना दुधाची पिशवी आणि रबर.

स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर नावनोंदणीची वेळ आणि नियम आधी वाचा. मांगा (जपानी कॉमिक) आणि ॲनिमेचा गट वेगळा असतो. काम स्वतः केलेलं असेल तर करतानाचे फोटो ठेवा. आमच्या दोघांनी भाग घेतला नाही, नुसतं बघितलं, आणि बघताना लेक माझ्या कानात सांगत होती की कुणाची शिवण कुठं उसवली आहे. मला बरं वाटलं.

आयांनो, आता तुमच्यासाठी. फोटो काढायच्या आधी विचारायचं, अंगाला आणि पोशाखाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज आहे आणि बहुतेक लोक पाळतात. एकानं पाळला नाही. लेकीच्या टोपाची वेणी मागून ओढली, गंमत म्हणून. मी उठायच्या आत तिनं बांबू हनुवटीखाली ओढला आणि आपल्या खास कोल्हापुरीत त्याला असं काही सुनावलं की शेजारचे दोन तांजिरो टाळ्या वाजवायला लागले. तरी घरून निघताना ठरवून ठेवा की चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, दर दोन तासांनी मेसेज करायचा, आणि कुणाबरोबर "जरा बाहेर फोटो काढू" म्हणून जायचं नाही. माझा नंबर मी ओबीच्या आत मार्करनं लिहिला होता. काही विचित्र घडलं तर जवळच्या कार्यकर्त्याला किंवा सिक्युरिटीला लगेच सांगायचं, घरी येऊन नाही.

शेवटचं सामान म्हणजे दुरुस्तीची पिशवी. सुया, दोरा काळा-पांढरा-तांबडा, वीस सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, हातभर इलास्टिक, दुहेरी टेप, फेविक्विक. कात्री दारात काढून घेतली, त्यामुळं दोरा दातानं तोडला. शनिवारी दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते, पाय पसरून. समोर एका पोराच्या खांद्याचं फोमचं कवच निसटलं आणि तो हातात धरून रडवेला उभा. मी म्हटलं, "इकडं ये रे." दोन हूक आणि इलास्टिक, पाच मिनिटं. त्यानं जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, अर्ध्या तासात माझ्यापुढं रांग. एका राजकन्येची चेन, एका निंजाचा पट्टा, एका सहा फुटी मांजराची शेपटी. सगळे "आंटी, आंटी". त्या मांजराचे आईवडील मिरजेचे निघाले. त्या दुपारी मी काही आत फिरून बघितलं नाही, पण पोशाख कुठं कुठं फाटतो ते मात्र सगळं बघितलं. काखेत, कमरेच्या मागं आणि जिथं कापड आणि फोम जोडले आहेत तिथं. या तीन जागी घरीच दुहेरी शिलाई मारा.

रविवारी मी दोघांना पाचलाच बाहेर काढलं. सोमवारी सकाळच्या कोयना एक्सप्रेसची तिकिटं होती, आणि दमलेल्या पोरांना गर्दी उलटायच्या आत स्टेशनवर पोचवणं सोपं असतं.

घरी आल्यावर

पिशवी तशीच कोपऱ्यात टाकून झोपायची इच्छा होते. टाकू नका, घामाचे डाग दुसऱ्या दिवशी पिवळे पडतात. हाओरी एकटा, थंड पाण्यात, साबण कमी. रंगवलेला किमोनो उलटा करून हातानं धुवा, पिळायचा नाही. टोप शाम्पूच्या पाण्यात बुडवून काढा, चोळू नका, उपड्या पातेल्यावर सावलीत वाळवा. आमचा टोप दोन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत होता आणि दूधवाल्यानं तिसऱ्या दिवशी दूध बाहेरच ठेवलं. फोमला नुसतं ओलं फडकं. तलवार आडवी ठेवा, कोपऱ्यात उभी केली की उन्हाळ्यात वाकते.

हाओरी सध्या घरात नाही. पाचव्या गल्लीतल्या एका पोरानं गॅदरिंगला नेला आहे, आणि मी त्याला बजावलंय की काखेतली शिलाई बघून परत आण.